बोलणारे थोडे, ऐकणारे फार

तंत्रज्ञान आणि समाज या विषयावरील पॉडकास्टांचे पीक सध्या मराठीतही आले आहे. दोन सुविद्य माणसे ध्वनिमुद्रणाच्या खोलीत बसतात आणि यंत्राने माणसाचे काय केले, यावर तास-दीड तास बोलतात. बोलणे अभ्यासू असते, ऐकायला गोडही लागते. तथापि गडचिरोलीच्या रानप्रदेशात राहून हे कार्यक्रम ऐकताना आम्हांला एक उणीव सतत जाणवते. ज्या समाजाविषयी चर्चा चालते, त्याला तिच्यात उत्तर देण्याची सोय नसते.

या निकषावर पाहता शेजारच्या छत्तीसगडात २०१० साली सुरू झालेला 'सीजीनेट स्वर' हा प्रयोग आम्हांला अधिक मोलाचा वाटतो. बीबीसीत काम केलेले पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांनी तो आरंभिला. साध्या मोबाइलवरून एका क्रमांकाला फोन लावायचा. बोलायचे असल्यास १ दाबायचा, ऐकायचे असल्यास २. ना इंटरनेट हवे, ना अक्षरओळख. बिघडलेला हातपंप, थकलेली मजुरी, न मिळणारे रेशन यांची गाऱ्हाणी माणसे आपल्या तोंडाने सांगत व शेवटी संबंधित अधिकाऱ्याचा फोन क्रमांक देत. मग दूरचे श्रोते त्या अधिकाऱ्याकडे विचारणा करीत. पुढे हे निरोप ब्लूटूथने एका मोबाइलवरून दुसऱ्यावर पोहोचविणारा 'बुल्टू रेडिओ'ही निघाला.

तरीही केवळ कौतुक करून थांबणे योग्य नव्हे. प्रत्येक निरोप आधी संपादकांच्या हाती जात असे. खातरजमेसाठी ते आवश्यकच होते. परंतु ज्या बोलीचा जाणकार संपादक नाही, त्या बोलीतला निरोप अडून राहण्याची भीती तेथेच उद्भवते. २०११ च्या जनगणनेत गोंडी भाषकांची संख्या २९ लाखांहून अधिक नोंदली गेली, तरी ही भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. ती अनेक राज्यांत विखुरलेली. एका प्रांतातील गोंडी दुसऱ्या प्रांतात पुरती उमगतेच असे नाही. म्हणूनच चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळ्या राज्यांतील जाणकारांना एकत्र बसवून प्रमाण शब्दकोशाचे काम हाती घेतले. दुसरी उणीव पैशाची. अनुदानांवर चालणारी सेवा अनुदानाच्या मर्जीवर राहते. गावाचा आवाज गावाच्या मालकीचा होत नाही.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०२२ च्या जागतिक संपर्क माध्यम दिनासाठी 'ऐकणे' हाच विषय निवडला होता. आमच्या कुटुंबांनी पॉडकास्ट जरूर ऐकावेत. मात्र एटापल्ली-भामरागडकडची आजी गोंडीत जे सांगते, तेही नातवाने त्याच मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवावे. आणि शहरातील कार्यक्रमकर्त्यांनी तिला निदान एक प्रश्न विचारून तिच्या उत्तरापुरती जागा राखावी, एवढीच आमची अपेक्षा आहे.