चार वस्तऱ्यांचें परीक्षण

ग्रंथाचें, चित्राचें, गायनाचें परीक्षण करावें, पण हातांत धरून वापरावयाच्या हत्याराचें करूं नये, असा एक अलिखित नियम आपल्या सुशिक्षित वर्गानें स्वतःवर घालून घेतला आहे. अडकित्ता, विळी, वस्तरा या वस्तु चांगल्या कीं वाईट एवढेंच आपण बोलतों. त्या कां चांगल्या आणि कोणत्या अर्थानें चांगल्या, याचा विचार करावयास बसत नाहीं. आम्हांस हा नियम मान्य नाहीं. ज्या वस्तूला घाट आहे, ज्या घाटामागें घडविणाऱ्याचा हेतु आहे आणि ज्या हेतूची कसोटी रोज सकाळीं लागते, ती वस्तु टीकेला अपात्र कां ठरावी? उलट अशा वस्तूचें परीक्षण अधिक कठीण होय. पुस्तक वाईट निघालें तर वाचक फार तर कंटाळतो. वस्तरा वाईट निघाला तर रक्त निघतें. तेथें टीकाकाराला शब्दांच्या आड लपण्यास जागा उरत नाहीं.

गेलीं कांहीं वर्षें आम्ही उघड्या धारेच्या वस्तऱ्यानें स्वतःची दाढी करीत आलों आहों, आणि त्या निमित्तानें निरनिराळ्या घडणीचे वस्तरे आम्हीं वापरून पाहिले आहेत. त्यांपैकीं शेफील्डची जड पाचर, झोलिंगेनचें पोखरलेलें पातें, फ्रेंच धाटणीचा चौकोनी टोकाचा वस्तरा आणि जपानची कामिसोरी, अशा चार घडणींचा परामर्श येथें घ्यावयाचा आहे.

प्रथम या चौघांस समान असलेलें तत्त्व सांगितलें पाहिजे. वस्तरा दगडावर निसतांना त्याची धार आणि त्याची पाठ हीं दोन्ही एकाच वेळीं दगडाला टेकवितात. यामुळें धारेचा कोन किती असावा हें निसणाऱ्याच्या मनगटावर सोपविलेलें नसतें. पाठीच्या जाडीवरून व पात्याच्या रुंदीवरून तें घडवितांनाच ठरून गेलेलें असतें. हा कोन सामान्यतः सोळा-सतरा अंशांचा भरतो. पातें रुंद करावयाचें तर पाठहि त्या प्रमाणांत जाड ठेवावी लागते. चाकूला असा आधार नाहीं; त्याचा कोन प्रत्येक वेळीं हातानें शोधावा लागतो. वृत्तांत लिहिणाऱ्या कवीला जें बंधन दिसावयास जाचक पण वास्तविक आधाराचें असतें, तेंच काम येथें पाठ करिते. पुढें चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा परजतांना मात्र दिशा उलटते. पाठ पुढें आणि धार मागें, नाहीं तर पट्टाच कापला जातो.

आतां पहिला वस्तरा. सन १७४० च्या सुमारास शेफील्डजवळ बेंजामिन हंट्समन या घड्याळजीनें मुशींत पोलाद वितळविण्याची रीत बसविली आणि एकजीव, स्वच्छ पोलाद मिळूं लागलें. शेफील्डच्या वस्तऱ्याची कीर्ति या पोलादावर उभी आहे. जुन्या शेफील्ड पात्याचा छेद घेतला तर तो पाचरीसारखा दिसतो. पाठीपासून धारेपर्यंत बाजू जवळजवळ सरळ उतरत येतात. हें पातें जड असतें, आणि त्याचा जडपणा हाच त्याचा गुण होय. राठ दाढीवर तें आपल्या भारानें चालतें. हातानें फक्त दिशा द्यावयाची. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या गद्यांतील लांब वाक्य जसें स्वतःच्या ओघानें वाचकाला शेवटापर्यंत नेतें, तसा हा प्रकार आहे. दोषहि त्याच जातीचा आहे. बाजू सपाट असल्यामुळें पात्याचा मोठा भाग दगडाला लागतो आणि बोथटलेली पाचर पुन्हां निसणें हें चिकाटीचें काम होऊन बसतें. शिवाय नाकाखालच्या अरुंद जागेंत हा भारदस्तपणा अडचणीचा ठरतो.

पोलादाचा विषय निघालाच आहे, तर आपल्या देशाशीं असलेला त्याचा एक संबंध येथें नमूद करणें योग्य होईल. १७९४ सालीं मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट यांनीं 'वुट्झ' या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या हिंदी पोलादाचे नमुने लंडनला सर जोसेफ बँक्स यांजकडे धाडले, व पुढील वर्षीं जॉर्ज पिअर्सन यांनीं त्यावरील निबंध रॉयल सोसायटीपुढें ठेविला. जेम्स स्टोडार्ट हा लंडनचा सुऱ्या-कात्र्या बनविणारा कारागीर या पोलादाचा मोठा चाहता होता. आणि त्याच्याच जोडीनें १८२० च्या सुमारास मायकेल फॅरडेनें मिश्र पोलादाचे प्रयोग केले. फॅरडे आपल्या मिश्र पोलादाचे वस्तरे मित्रांस भेट देत असे. विद्युच्छास्त्राच्या या आचार्याला वस्तरा हा विषय क्षुल्लक वाटला नाहीं, एवढें आमच्या पक्षाला पुरेसें आहे.

दुसरा वस्तरा जर्मनींतील झोलिंगेनचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तेथील घासणाऱ्यांनीं पातें दोन्ही बाजूंनीं गोल चाकावर पोखरून काढण्याची कला पूर्णत्वास नेली. पाठ जाड राहते, पण मधला भाग इतका पातळ होतो कीं अंगठ्याच्या नखावर हलकेच दाबल्यास धार किंचित् लवते. असा वस्तरा गालावरून फिरतांना बारीक नाद करितो. हा नाद म्हणजे केवळ गंमत नव्हे; कोन बिघडला, साबण सुकला किंवा धार मंदावली, तर नाद लगेच बदलतो, आणि हाताला कळण्यापूर्वीं कानाला कळतें. निसण्यासहि हें पातें सोपें, कारण दगडाला फक्त पाठ आणि धारेची बारीक रेघच लागते. मात्र दाट, राठ वाढ असेल तर पातळ पातें केसापुढें कचरतें, आणि अधीर हातानें दाबलें तर कातडी सोलवटते. हें संयमी लेखकाचें साधन आहे. जोर करणाऱ्याला तें साथ देत नाहीं.

तिसरा प्रकार पात्याच्या टोकाचा आहे. इंग्रजी व जर्मन वस्तऱ्यांत गोल टोक पुष्कळदां आढळतें. तें चुकीला क्षमा करितें. फ्रेंच धाटणींत टोक चौकोनी व कोपरा तीक्ष्ण ठेवण्याची आवड दिसते. नाकाखालीं, मिशीच्या कडेला, कल्ल्याची रेघ काढतांना या कोपऱ्यासारखें दुसरें साधन नाहीं. आणि कानाच्या पाळीला त्याच्यासारखा दुसरा शत्रूहि नाहीं. याच देशांत झां-झाक पेरे या पॅरिसच्या कारागिरानें १७६९ सालीं स्वतःची दाढी स्वतः करावयास शिकविणारा ग्रंथ लिहिला, आणि धारेच्या बाजूस लाकडी आडोसा बसविलेला वस्तराहि सुचविला. म्हणजे जेथें कोपरा सर्वांत तीक्ष्ण ठेविला गेला, तेथेंच सुरक्षिततेचाहि विचार आरंभला. आम्हांस यांत विरोध दिसत नाहीं. धोका ज्यानें नीट ओळखला, तोच त्याला आवर घालण्याचा उपाय शोधतो.

चौथी कामिसोरी. हिला घडी नाहीं, शिंगाची किंवा हस्तिदंताची मूठ नाहीं. पातें व दांडा एकाच तुकड्याचे, आणि दांड्यावर बहुधा वेताची गुंडाळी. कठीण पोलाद मऊ लोखंडाशीं जोडून ती घडवितात, आणि तिच्या दोन बाजू सारख्या नसतात. एक अधिक पोखरलेली, दुसरी तुलनेनें सपाट. कोणती बाजू कातडीकडे ठेवावयाची याला रीत आहे. दुसऱ्याची दाढी करणाऱ्या कुशल हाताला ती अप्रतिम साथ देते; पण आरशापुढें उभें राहून स्वतःची करूं गेल्यास एका गालावर ती आज्ञाधारक आणि दुसऱ्या गालावर अनोळखी वाटते. हा तिचा दोष म्हणणें अन्यायाचें होईल. जें तिला विचारलेंच नव्हतें, त्याचें उत्तर तिनें कां द्यावें? परक्या भाषेंतील काव्याला आपल्या व्याकरणानें मोजणारे टीकाकार हीच चूक करितात.

मग श्रेष्ठ कोणता? नित्याच्या उपयोगासाठीं, साधारण दाढीच्या व साधारण हाताच्या मनुष्याला आम्ही झोलिंगेनचें, पूर्ण नव्हे तर अर्धें पोखरलेलें, गोल टोकाचें पातें सुचवूं. पण हा निर्णय त्या हातापुरता व त्या दाढीपुरता आहे. सर्वांसाठीं एकच शैली श्रेष्ठ ठरविणारी टीका आम्हांस नेहमींच संशयास्पद वाटत आली आहे.

एका गोष्टींत मात्र आम्ही निःशंक आहों. 'पीटर पिंडार' या टोपणनांवानें लिहिणाऱ्या जॉन वॉल्कट या इंग्रज कवीनें अठराव्या शतकांत एक विनोदी कथाकाव्य लिहिलें. त्यांत एक खेडवळ गडी बाजारांत अठरा पेन्सांस बारा वस्तरे घेतो. त्यांतल्या एकानेंहि दाढी होत नाहीं. तो विक्रेत्याला जाब विचारतो, तेव्हां उत्तर मिळतें कीं हे वस्तरे दाढीसाठीं केलेलेच नाहींत, विकण्यासाठीं केले आहेत. शेफील्डच्या कांहीं पात्यांवर चित्रें व सुभाषितें कोरलेलीं असत, मुठीला कासवाची पाठ वापरीत; त्यांतील पुष्कळ वस्तरे उत्तमहि होते. अलंकार हा दोष नव्हे. पण ज्या वस्तऱ्याचें पोलाद हलकें आणि नक्षी भारी, तो त्या बारांपैकींच एक समजावा. आजच्या ग्रंथबाजारांतहि त्याचे भाऊबंद विपुल आढळतील.

येथवर आम्ही केवळ घडणीविषयीं बोललों. १९३० नंतरच्या दोन दशकांत मराठी मासिकांतून 'कलेसाठीं कला कीं जीवनासाठीं कला' हा वाद जोरानें चालला होता. वस्तऱ्यापुढें त्याचें काय होतें तें पाहावें. झोलिंगेनच्या पात्याचें सौंदर्य आणि त्याचा उपयोग वेगळे काढतांच येत नाहींत. जी वक्रता डोळ्याला सुखविते तीच धारेला सुलभ करिते. पण उत्तम घडणीचा वस्तरा कोणाच्या डोक्यावर फिरतो, हें घडण सांगूं शकत नाहीं. आपल्याच समाजांत विधवांचें केशवपन याच हत्यारानें होत असे. १८९० सालीं मुंबईच्या नाभिकांनीं, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें सभा भरवून, हें काम आपण यापुढें करणार नाहीं असा निश्चय केला. त्यांच्या धोकटींतील वस्तरे आदल्या दिवशीं जितके धारदार होते तितकेच दुसऱ्या दिवशींहि होते. बदललें तें धरणाऱ्याचें मन. म्हणून टीकाकारानें दोन प्रश्न विचारले पाहिजेत, आणि एकाचें उत्तर दुसऱ्याच्या जागीं देऊं नये. पहिला, हें साधन आपलें काम उत्तम करितें काय? दुसरा, तें काम करण्याजोगें आहे काय? पहिलाच विचारणारा टीकाकार कारागिराचा भाट होतो; दुसराच विचारणारा, बोथट वस्तऱ्यालाहि सद्धेतूबद्दल प्रमाणपत्र देऊन बसतो.

आज केशकर्तनालयांतून निसावयाचा वस्तरा बहुतेक नाहींसा झाला आहे. किंग कॅम्प जिलेट यांस १९०४ सालीं सुरक्षित वस्तऱ्याचें पेटंट मिळालें, तेव्हांपासून फेकून देण्याच्या पात्याचें युग सुरू झालें. आपल्याकडे नाभिकाच्या हातांतील वस्तऱ्याचा आकार तोच राहिला, पण त्यांत अर्धें ब्लेड बसूं लागलें. कावीळीचे कांहीं प्रकार रक्तावाटे पसरतात. १९८६ सालीं भारतांत एच.आय.व्ही.चा संसर्ग प्रथम आढळून आला. अनेकांच्या गालांवरून एकच पातें फिरविणें यापुढें क्षम्य नव्हतें, आणि हा बदल सर्वथैव योग्य झाला. त्याबद्दल हळहळणें म्हणजे आपल्या रसिकतेसाठीं दुसऱ्याचें आरोग्य पणास लावणें होय.

परंतु जें गेलें त्याचें नांव तरी नीट सांगितलें पाहिजे. धार गेली नाहीं; ती आज अधिक स्वस्त व अधिक सर्वत्र आहे. गेली ती धार राखण्याची विद्या. विकत घेतलेली धार चार दिवसांत टाकून देतां येते. राखलेली धार मालकाकडून रोज थोडें लक्ष मागते, आणि त्या लक्षांतूनच त्याला चांगल्या-वाईटाची पारख येते. स्वतःच्या घरांत, स्वतःच्या गालापुरता, ज्याला ही पारख मिळवावयाची असेल त्यानें कोणत्याहि घडणीचा एक चांगला वस्तरा घ्यावा, एक दगड व एक पट्टा घ्यावा, आणि सहा महिने घाई करूं नये.