जन्मतारीख १ जून

आजोबांची जन्मतारीख १ जून. त्यांच्या धाकट्या भावाचीही १ जून, फक्त साल पुढचं. तुमच्याही घरात असा कुणीतरी असेलच. जूनमध्ये शाळा उघडायची, पोराला सहा वर्षं पूर्ण हवीत, म्हणून गुरुजींनी मागे मोजून टाकलेली ही तारीख.

गेल्या वर्षी चुलतबहिणीच्या जात पडताळणीसाठी या तारखेमागचा खरा जन्म शोधायला निघालो. आम्ही विमुक्तांत मोडतो, म्हणजे २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा पुरावा हवा. तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना नंबर १४, लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात, ते पान पान चाळलं. जुनी पानं मोडीत, ती वाचायला एक काका सोबत नेले होते. बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी. बाळाचं नाव बहुतेक ठिकाणी नाहीच, बारशाआधीची नोंद ना ती. आईचंही नाही. आजोबा कुठेच सापडले नाहीत. बिऱ्हाड आज या शिवारात, उद्या त्या. कोतवालाला सांगणार कोण?

परतीच्या एसटीत लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ (१९८७) पुन्हा काढलं. सुरुवातीलाच निवेदक सांगतो, की आपल्याला जन्मतारीख नाही. कॉलेजात आम्हाला हे ‘अस्मितेचा शोध’ म्हणून शिकवलं होतं. पाच मार्कांची टीप. मीही लिहिली, मार्कही पडले. आता वाटतं, ते वाचन चुकीचं नव्हे पण फार सोयीचं होतं. ही प्रतिमा नाहीच. हा रकाना आहे, आणि तो रिकामा आहे.

त्यातली खरी मेख वेगळीच. ज्यांचा जन्म कुणी टिपला नाही, त्यांच्यातल्या कितीतरी जमाती १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली, तो १९५२ मध्ये रद्द होईपर्यंत, पोलिसांच्या रजिस्टरात नाव-निशीवार होत्या. हजेरीला वही होती, जन्माला नव्हती. सरकारला लिहिता येत नव्हतं असं नाही. ‘उचल्या’ची कोरडी, कुठेही गळा न काढणारी भाषा मला म्हणूनच पटते. तीही नोंदवहीसारखी चालते, फक्त नोंदी करणारा हात बदललाय.

शरणकुमार लिंबाळेंच्या ‘अक्करमाशी’त (१९८४) उलटा प्रसंग आहे. तिथे बाप माहीत आहे, पण तो पोराला नाव द्यायला तयार नाही. हेडमास्तर शाळेच्या रजिस्टरात त्याचं नाव लावतात, आणि ते काढून टाकावं म्हणून बाप शाळेत येतो. हेडमास्तर बधत नाहीत. मराठी आत्मकथनांत मास्तर बऱ्याचदा छडीसकट येतो, इथे तो नुसती एक ओळ लिहितो आणि खोडत नाही. लिंबाळे पुढे या घटनेवर जरा जास्त भाष्य करतात असं मला वाटतं. ती ओळ एकटी पुरेशी होती.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या नावात आईचं नाव आलं. आजोबांच्या आईचं नाव मात्र घरात कुणालाच नक्की सांगता येत नाही. आत्या म्हणते गंगू, काका म्हणतात गोदा.

शेवटी बहिणीच्या फाईलला शाळेच्या रजिस्टराचा उतारा जोडला. जात लिहिलेली, शिक्का मारलेला, तारीख १ जून. गुरुजींनी अंदाजाने टाकलेली तीच तारीख. फाईल अजून समितीकडेच आहे.