पार्किन्सन यांच्या निबंधातील रुग्णाचा शब्द : एक चिकित्सा

जेम्स पार्किन्सन यांचा १८१७ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेला कंपवातावरील निबंध निरीक्षणशक्तीचा आदर्श म्हणून गौरविला जातो. हा गौरव अपुरा आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. निबंधात सहा रुग्ण आहेत. पाचवा केवळ दुरून पाहिलेला. सेवक त्याच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून तोल साधून देतो आणि मग तो धावत सुटतो. चित्र विलक्षण आहे, परंतु मूक आहे. तिसरा रुग्णही रस्त्यात सहज दिसलेला. त्याचे म्हणणे मात्र निबंधात आले आहे. आपण खलाशी होतो, स्पेनच्या तुरुंगात कित्येक महिने ओल्या जमिनीवर निजलो, त्यातून हे दुखणे जडले, असे तो सांगतो. ही कारणमीमांसा आज टिकणारी नाही. पण ती नोंदली गेली. बद्धकोष्ठता आणि निद्राभंग यांचे उल्लेखही विचारपूस केल्याखेरीज येणारे नव्हेत.

व्याख्या करताना मात्र पार्किन्सन ज्ञानेंद्रिये व बुद्धी यांना बाधा होत नाही असे म्हणून गेले. जे डोळ्यांना दिसत नाही, नेमके तेथेच ते चुकले. घ्राणशक्तीचा ऱ्हास कंपाच्या कित्येक वर्षे आधी होऊ शकतो; नैराश्य आणि स्मृतिदोषही या आजाराचे भाग आहेत, हे आज ज्ञात आहे.

आजच्या तपासणीत ही उणीव अधिक जाचते. रुग्णाचा चेहरा भावशून्य होतो, आवाज क्षीण होतो, उत्तरास वेळ लागतो. डॉक्टर विचारतात, ‘काय आजोबा, बरं आहे ना?’ आणि उत्तर मुलगा देतो. (‘कंपवात’ ही संज्ञाही दिशाभूल करते, सर्वच रुग्णांना कंप नसतो, आणि असे रुग्ण आपली मंदगती वार्धक्याच्या खाती टाकतात.) २००८ साली सुधारित स्वरूपात आलेल्या आंतरराष्ट्रीय मूल्यमापनश्रेणीत दैनंदिन जीवनाविषयीची प्रश्नावली आहे आणि ती रुग्णाने भरली, काळजीवाहकाने की दोघांनी मिळून, याची नोंद करावी लागते. ही एक ओळ मला साऱ्या गुणांकनापेक्षा मोलाची वाटते.

काही औषधांमुळे जुगाराची वा खर्चाची अनावर ओढ लागू शकते. डॉक्टरांनी एकांतात विचारले नाही, तर रुग्ण हे मुलासमोर सांगत नाही. घरात तो स्वभावदोष ठरतो आणि औषधाची मात्रा तशीच चालू राहते.