सुलोचना कोठे गेली होती?

डॅनी बेन-मोशे ह्या ऑस्ट्रेलियन दिग्दर्शकाचा ‘शालोम बॉलिवूड’ हा अनुबोधपट २०१७ साली निघाला. हिंदी चित्रसृष्टीतल्या यहुदी नट-नट्यांची हकीकत त्यात आहे. सुलोचना, मिस रोझ, प्रमिला, नादिरा आणि आपला डेव्हिड असे पाचजण त्यात येतात. ज्यांनी तो अजून पाहिला नसेल त्यांनी मुलानातवंडांना शेजारी बसवून जरूर पाहावा. माझी तक्रार आहे ती त्याच्या उपशीर्षकाशी. ‘भारतीय सिनेमाची न सांगितलेली गोष्ट’ असे ते आहे. न सांगितलेली? आमच्या आजीने ही गोष्ट भाकऱ्या थापताना इतक्या वेळा सांगितली की तवा तापायच्या आत सुलोचनेचा पगार मुंबईच्या गव्हर्नरापेक्षा जास्त होता इथपर्यंत ती येऊन पोहोचे. (हा पगाराचा किस्सा आजही सगळे सांगतात. गव्हर्नराची पगारपत्रके कोणी पाहिली कोण जाणे!)

हा शब्दाचा कीस नव्हे. ‘न सांगितलेली’, ‘विस्मृतीत गेलेली’, ‘पडद्याआड नाहीशी झालेली’ हे शब्द एकदा वापरले की सगळा दोष त्या बाईकडे जातो, जणू तीच कोठे तरी निघून गेली. सुलोचना कोठेही गेली नव्हती.

तिचे खरे नाव रूबी मायर्स. जन्म पुण्याचा, १९०७ चा. सिनेमात येण्यापूर्वी ती टेलिफोन ऑपरेटर होती. १९२७ च्या ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’मध्ये तिने आठ भूमिका केल्या. त्यांत माळी होता, पोलीस होता, केळी विकणारी बाईही होती. नुसत्या गोऱ्या चेहऱ्यावर हे जमत नाही. यहुदी मुलींना सिनेमात वाव का मिळाला, तर इतर घरांतल्या मुलींना पडद्यावर येण्याची बंदी होती, हे कारण नेहमी देतात आणि ते खरेही आहे. पण त्यामुळे दार उघडले एवढेच. आत गेल्यावर काम तिनेच केले.

मग १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आला, तोही तिच्याच इंपीरियल कंपनीचा, आणि त्यात नायिका झाली जुबेदा. सुलोचनेचे हिंदुस्तानी कच्चे होते. टेलिफोनवर ज्या आवाजाने पोट भरले तोच आवाज आता नडला! तेव्हा तिने सुमारे वर्षभर भाषा शिकून घेतली आणि १९३२ मध्ये ‘माधुरी’ हा बोलपट घेऊन ती परत आली. आपल्यापैकी ज्यांनी पस्तिशी-चाळिशीत उल्पानच्या बाकावर बसून हिब्रू गिरवले त्यांना ह्या वर्षाची किंमत सांगायला नको. पुढे तिचा १९२९ चा मूकपट ‘इंदिरा बी.ए.’ बोलू लागला तेव्हा, १९३४ मध्ये, त्याचे नाव ‘इंदिरा एम.ए.’ झाले. मला हे फार आवडते. शिकली ना बाई!

१९२८ च्या मूक ‘अनारकली’त ती अनारकली, १९३५ च्या बोलपटातही तीच अनारकली. १९५३ मध्ये बीना रॉय अनारकली झाली आणि त्या चित्रपटात सुलोचना सलीमची आई होती. म्हणजे ज्या भिंतीत ती स्वतः दोनदा चिणली गेली त्याच गोष्टीत आता ती दुसरीला चिणताना पाहत उभी. ह्याला मी नाहीसे होणे म्हणत नाही. चाळीस वर्षे दवाखान्यात काढलेल्या बाईला हे ओळखू येते. मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या बाया मी पुढे रोग्यांना पाणी देण्याच्या कामाला आलेल्या पाहिल्या आहेत. त्या कामाला जातच असतात, फक्त त्यांच्याकडे कोणी वर मान करून पाहत नाही.

१९७३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार तिला मिळाला. नट्यांत देविका राणीनंतर हा मान मिळवणारी ती दुसरी. १९८३ मध्ये मुंबईत ती वारली. सरकारने शोधून काढली, ती लोकांना मात्र सापडली नाही!

नाहीशी झाली ती फिल्म. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले असे म्हणतात. त्यांतले पुरते किंवा तुकड्यांनी उरले ते तीसच्या घरात. ती जुनी कचकड्याची फीत पेट घ्यायची, दमट हवेत कुजायची, आणि उरलेली चांदी काढण्यासाठी भंगारात जायची. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले ते १९६४ मध्ये, सुलोचनेच्या जन्मगावी, पण तोवर बहुतेक सारे गेले होते. जिचे काम पाहायलाच मिळत नाही तिची आठवण पगारावर आणि मोटारीवर येऊन थांबते. शिवाय नावाची पंचाईत. आज मराठी माणसापुढे ‘सुलोचना’ म्हटले की सुलोचनादीदी लाटकर डोळ्यांपुढे येतात, नाही तर लावणीवाल्या सुलोचना चव्हाण. दोघीही मोठ्या, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण पहिली तिसरी झाली.

अनुबोधपटाचा दुसरा दोष म्हणजे पाच आयुष्ये एकाच बैठकीत उरकण्याची घाई. प्रमिला १९४७ ची पहिली मिस इंडिया, तिच्या एकटीवर एक पट पुरला असता. आणि आपण टाळ्या वाजवतो तेव्हा एवढे ध्यानात ठेवावे की ह्या पाचांत बेने इस्राएल एकटा डेव्हिड, चेऊलकर. बाकीच्या बगदादी घराण्यांतल्या, आणि मुंबईत त्या मंडळींनी आपल्याशी किती अंतर राखले ते आपल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक होते. आता पडद्यावर सगळे ‘आपले’ झाले. होऊ देत. पण ‘बूट पॉलिश’मधला जॉन चाचा साकारून डेव्हिडने फिल्मफेअर पारितोषिक मिळवले, पुढे १९६९ मध्ये पद्मश्रीही मिळाली, हे आपल्या मुलांना निराळे सांगायला हवे.

नादिराच्या भागाशी मी सर्वांत जास्त वेळ थांबले. १९५२ ची ‘आन’, १९५५ ची ‘श्री ४२०’, १९७५ च्या ‘ज्यूली’साठी फिल्मफेअर, आणि २००० सालच्या ‘जोश’मध्येही ती होतीच. २००६ मध्ये मुंबईत ती गेली. शेवटची वर्षे एकटीने काढली, कारण जवळचे नातेवाईक इस्राएलमध्ये आणि अमेरिकेत होते. तिने मुंबई सोडली नाही. सोडून आलो ते आपण.