वर्ग आणि हजेरीपट

वर्ग म्हटला की शिक्षकाच्या डोळ्यांपुढे प्रथम हजेरीपट येतो. मराठी विकिपीडियावर हा शब्द निराळ्या अर्थाने चालतो. तेथे प्रत्येक लेखाच्या शेवटी तो कोणत्या विषयात मोडतो हे लिहिण्याची सोय आहे. आणि एका वर्गाचे नाव दिलेले सारे लेख त्या वर्गाच्या पानावर आपोआप अक्षरक्रमाने येऊन बसतात. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या या ज्ञानकोशातील लेखांच्या शुद्धाशुद्धतेविषयी पुष्कळ बोलले जाते. वर्गांकडे मात्र सहसा कोणाची दृष्टी जात नाही. माझ्या मते या कोशाची खरी परीक्षा तेथेच व्हावयास हवी.

अक्षरक्रम ही मोठी सोय, पण तो विचार करीत नाही. केतकरांना हे पक्के ठाऊक असावे. महाराष्ट्रीय ज्ञानकोशाच्या २३ खंडांपैकी पहिले पाच त्यांनी प्रस्तावनेला दिले. ‘वेदविद्या’, ‘विज्ञानेतिहास’ अशी त्यांची नावे. आधी विषयांची नाती सांगावयाची आणि मग नोंदी अकारविल्हे मांडावयाच्या, असा हा क्रम आहे. वाईच्या मराठी विश्वकोशाने (पहिला खंड १९७६) व्यक्तींच्या नोंदी आडनावाखाली लावल्या. तेथे खांडेकर ‘ख’मध्ये सापडतात. विकिपीडियावर लेखाचे शीर्षक बोलण्यातल्या नावाप्रमाणे असते, आणि क्रमासाठी वेगळी सूचना कोणी लिहिली नाही तर यंत्र तेच अक्षर धरते. मग खांडेकर आणि शिरवाडकर दोघेही ‘व’मध्ये! आद्याक्षरांची आपली हौस पाहता मराठी साहित्यातले सारे विष्णू आणि विनायक एका बाकावर बसावयाचे.

हा दोष किरकोळ आहे; एका ओळीने सुटतो. मोठा गुण असा की कपाटातले पुस्तक एकाच फळीवर राहते, विकिपीडियावरील लेख मात्र हव्या तितक्या वर्गांत बसू शकतो. आमच्या तालुक्याचे गाव भोकरदन घ्या. आज ते जालना जिल्ह्यात आहे. पण जालना जिल्हाच १ मे १९८१ चा. त्याआधी भोकरदन औरंगाबाद जिल्ह्यात आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. त्याही मागे गेले तर ते सातवाहन काळातले भोगवर्धन. सांची आणि भारहूत येथील दानलेखांत भोगवर्धनच्या दात्यांचा उल्लेख आहे, आणि १९७३ साली येथे उत्खननही झाले. ‘जालना जिल्ह्यातील गावे’ एवढ्याच वर्गात भोकरदन बसविले, तर सातवाहनांच्या नगरांचा शोध घेणारा विद्यार्थी तेथे पोचणार कसा? लेखात माहिती असूनही ती हरवल्यासारखीच. धावड्याच्या मुलालाही आपला तालुका किती जुना हे कळावयाचे नाही.

कोणाला कोठे बसवावयाचे, हा प्रश्न दिसतो तितका निरुपद्रवी नाही. २०१३ साली इंग्रजी विकिपीडियावर अमेरिकन कादंबरीकारांच्या वर्गातून स्त्री-लेखिकांची नावे काढून ती ‘अमेरिकन स्त्री-कादंबरीकार’ या पोटवर्गात नेली जात असल्याचे अमांडा फिलिपाची या कादंबरीकर्तीने वृत्तपत्रातून दाखवून दिले, आणि जगभर चर्चा झाली. यादी लांबली म्हणून ती आटोपशीर करणे, एवढाच युक्तिवाद होता. पण त्या आटोपशीरपणात कादंबरीकार म्हणजे पुरुष असा अर्थ शिल्लक राहिला. लक्ष्मीबाई टिळकांना ‘लेखिका’ या वर्गात अवश्य बसवा. परंतु मराठी आत्मचरित्रकारांच्या वर्गातून त्यांना उठवले तर तो वर्गच दरिद्री होईल.

मराठी विकिपीडियावर गावांचे अनेक लेख एका साच्याचे आहेत: हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे, जवळपासची गावे. गावाचे नाव झाकले तर कोणते गाव ते ओळखता येऊ नये. त्या लेखांबद्दल माझी फारशी तक्रार नाही. रिकामी चौकट कोणी तरी भरील. तक्रार आहे ती वर्गपानांबद्दल. वर्गाच्या पानावर माथ्याशी चार ओळी लिहिण्यास पूर्ण मोकळीक आहे, आणि जागाही आहे. या वर्गात काय यावे, काय येऊ नये, तो कोणत्या मोठ्या वर्गाचा भाग आहे, सीमेवरच्या गोष्टींचे काय करावयाचे, हे तेथे लिहावे लागते. ते न लिहिता नुसता नाव देऊन वर्ग काढला की खाली नावांची रांग उभी राहते. हजेरीपट आहे, पण वर्गशिक्षक नाही.

हे काम ओळखीपाळखीच्या प्रत्येकाला जमण्याजोगे आहे. त्याला भाषाप्रभुत्व लागत नाही. एखादा विषय मनात नीट लावून घेतलेला असावा लागतो. निवृत्त मुख्याध्यापक, ग्रंथपाल, तालुक्याच्या इतिहासाची कात्रणे जपणारे गृहस्थ यांनी दिवाळीच्या सुटीत एकेक वर्ग घ्यावा. भोकरदन तालुक्याच्या वर्गापासून सुरुवात केली तरी चालेल. पहिल्या ओळीत भोगवर्धन, दुसरीत १९८१.