चार वाद्ये, एक दालन आणि येता हंगाम

पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या नव्या हंगामाची पत्रिका मुंबईत निघाली की तिच्यात बहुधा ओळखीचीच नावे भेटतात : मोझार्ट, बेथोव्हेन, ब्राम्स, चायकोव्हस्की. ही नावे थोर आहेत, याबद्दल दुमत नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. आपल्याच काळात, आपल्याच भूमीत ज्यांनी या संगीतप्रकारात लेखन केले, त्यांना या पत्रिकेत किती जागा मिळते? आणि एकदा मिळालेली जागा पुन्हा मिळते काय?

प्रश्न विशेषेकरून चेंबर म्युझिकचा आहे. चेंबर म्युझिक म्हणजे दालनातले संगीत. दोन व्हायोलिन, एक व्हिओला व एक चेलो एवढी चार वाद्ये घेऊन हायडनने (१७३२-१८०९) या प्रकाराला प्रतिष्ठा दिली. येथे हातात छडी घेऊन उभा राहणारा संचालक नसतो. प्रत्येकाला आपला सूर सांभाळून शेजाऱ्याचे ऐकावे लागते. मोठ्या वाद्यवृंदात एखाद्याचे स्खलन झाकले जाते. चौघांत ते लपत नाही. आपल्याकडील बैठकीचा रसिक या संगीताशी सहज नाते जोडू शकेल, कारण समोरासमोर बसून ऐकण्याचा संस्कार दोन्हीकडे आहे.

जळकोटच्या वाचकाला हे सारे दूरचे वाटण्याचे कारण नाही. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरील आमच्या या गावाच्या शेजारी नळदुर्ग आहे. तेथील बोरी नदीच्या बंधाऱ्याच्या पोटातला पाणीमहाल १६१३ सालचा. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीतला. याच सुलतानाने 'किताब-ए-नौरस' हा दखनी गीतांचा ग्रंथ रचला, गीतांना रागांची नावे दिली आणि सरस्वतीचे स्तवनही केले. परक्या वाटणाऱ्या कलेला आपल्या भाषेत बोलते करणे ही या भागाला नवी गोष्ट नव्हे.

आता मुंबईकडे वळू. मेहली मेहता यांनी १९३५ साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा आणि १९४० साली बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट स्थापन केले. गोव्याच्या चर्चशाळांतून 'मेस्त'कडे स्वरलिपी व व्हायोलिन शिकून आलेल्या कॅथलिक वादकांनी या नगरीच्या वाद्यवृंदांना आणि चित्रपटसंगीताला मनुष्यबळ पुरविले. त्यांपैकी मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली भारतीय रागांवर आधारलेल्या वाद्यवृंदरचना सादर करण्यासाठी स्वतंत्र वाद्यवृंद उभा केला. १९७७ सालच्या 'अमर अकबर अँथनी' चित्रपटातील एका गाण्याने, त्यांचे शिष्य प्यारेलाल यांच्या कृतज्ञतेमुळे, त्यांचे नाव घरोघरी नेले. नाव अजरामर झाले. रचना मात्र किती जणांनी ऐकल्या? वनराज भाटिया (१९२७-२०२१) यांचीही तीच कथा. लंडनला व पॅरिसला नादिया बुलांझे यांच्याकडे शिकून आलेल्या या रचनाकाराचे 'तमस'चे संगीत सर्वांच्या परिचयाचे. पियानोसाठी व गायनवृंदासाठी त्यांनी केलेले गंभीर लेखन मोजक्यांनाच ठाऊक.

नव्या रचनेचे मरण पहिल्या प्रयोगात नसते. पहिल्या प्रयोगाला उद्घाटनाचा मान असतो, वर्तमानपत्रे येतात, टाळ्या पडतात. मरण असते दुसऱ्या प्रयोगाच्या अभावात. याउलट उदाहरण झाकिर हुसेन यांच्या 'पेशकार' या तबला व वाद्यवृंदासाठीच्या कॉन्चेर्तोचे. २००६ साली मुंबईच्या एनसीपीएत स्थापन झालेल्या सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाने २०१५ साली त्याचा पहिला प्रयोग केला आणि पुढे परदेश दौऱ्यांतही ती रचना नेली. म्हणूनच डिसेंबर २०२४ मध्ये झाकिरजी निवर्तले तरी ती कृती केवळ आठवण म्हणून उरली नाही.

आयोजकांच्या अडचणी आम्ही जाणतो. अपरिचित रचनेला तालमी अधिक लागतात, तिकिटे कमी खपतात, स्वरलिपीचे हक्क विकत घ्यावे लागतात. पण यावर मार्ग निघू शकतो. १९७३ साली डेव्हिड हॅरिंग्टन यांनी अमेरिकेत स्थापन केलेल्या क्रोनोस क्वार्टेटने नव्या संगीतालाच आपले जीवितकार्य मानले. २००५ साली आशा भोसले यांच्यासह राहुलदेव बर्मन यांच्या गीतांची ध्वनिमुद्रिका काढणारे हेच चौघे. त्यांनी पन्नास नव्या रचना लिहवून घेतल्या आणि त्यांच्या स्वरलिपी तरुण वादकांसाठी विनामूल्य खुल्या केल्या. त्या पन्नासांत झाकिर हुसेन यांची 'पल्लवी' व अरुणा नारायण यांची 'मिश्र पिलू' आहे. हक्क विकत घेण्याचा प्रश्न येथे तरी उरत नाही. प्रश्न उरतो तो इच्छेचा.

तेव्हा येत्या हंगामाची पत्रिका वाचताना आम्ही तीन कसोट्या लावू. एक, जिवंत किंवा नुकत्याच गेलेल्या भारतीय रचनाकाराची निदान एक कृती तिच्यात आहे काय? दोन, पूर्वी वाजविलेली एखादी नवी कृती पुन्हा वाजविली जाणार आहे काय? आणि तीन, एखादी तरी मैफल मुंबईबाहेर पडणार आहे काय?

तिसरी कसोटी आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. नव्वद वादकांचा वाद्यवृंद सोलापूर, लातूर वा तुळजापूरला आणणे खर्चाचे आहे. चौघे वादक मात्र एका मोटारीत मावतात. त्यांना लागते ते एक शांत दालन आणि शंभर खुर्च्या. शाळेचे सभागृह वा चर्चची इमारतही पुरे. जळकोटहून नरिमन पॉइंट सुमारे साडेचारशे किलोमीटर. एका संध्याकाळच्या संगीतासाठी हे अंतर शेतकऱ्याच्या किंवा शिक्षकाच्या घरातील मुलीने तोडावे, ही अपेक्षा न्यायाची नाही. चौघांनी ते तोडणे शक्य आहे. चेंबर म्युझिक मुळात लहान जागेसाठी जन्मले. ते महानगराच्या एका भव्य वास्तूतच राहिले, तर त्याच्या नावालाच अर्थ उरणार नाही.