मेट्रोपासून पाचशे मीटर, पण कोणाच्या पायांनी?

चिखल्यात मँगनीजची खाण आहे, मेट्रो नाही. मग नागपूरच्या मेट्रोभोवतीच्या बांधकाम-नियमांवर इथे कशाला बोलायचं? याचं कारण असं, की स्टेशन आणि वस्ती यांतलं अंतर काय असतं हे भंडारा जिल्ह्याला कोणी शिकवायला नको. तुमसर रोडला उतरलं की तुमसर येत नाही, देव्हाडी येतं. भंडारा रोडला उतरलं की वरठी येते, शहर पुढे कित्येक किलोमीटर. स्टेशन आहे, पण जवळ नाही, हा आपला रोजचा अनुभव.

आता नियम पाहू. २०१७ मध्ये नागपूर मेट्रो मार्गिकेसाठी विशेष विकास नियंत्रण नियमावली आली. मार्गाच्या मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना ५०० मीटरचा पट्टा धरला, आणि त्या पट्ट्यात चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे आपण ज्याला एफएसआय म्हणतो तो, जास्तीत जास्त ४ पर्यंत नेला. हजार चौरस फुटांच्या भूखंडावर चार हजारांचं बांधकाम, असा साधा हिशेब. किती मिळेल हे रस्त्याची रुंदी आणि भूखंडाचा आकार यांवर ठरतं. वाढीव बांधकामासाठी अधिमूल्य भरावं लागतं.

यामागचा विचार आम्हांला मान्य आहे. स्टेशनपाशी माणसं राहिली, दुकानं-कचेऱ्या तिथेच आल्या, तर गाडी घरी राहते आणि मेट्रोला प्रवासी मिळतात. आमचा आक्षेप 'मध्यरेषेपासून' या एका शब्दावर आहे. माणूस मध्यरेषेवर चढत नाही हो, स्टेशनात चढतो!

गणित करून पहा. दोन स्टेशनांत एक किलोमीटर अंतर धरा. त्यांच्या बरोबर मध्यावर, पण रुळांपासून ५०० मीटर आत एक इमारत आहे. नियमाने ती पट्ट्यात बसते. स्टेशनपासून मात्र ती सरळ रेषेत सुमारे ७०७ मीटर दूर आहे, आणि काटकोनी रस्त्यांनी गेलं तर पूर्ण एक किलोमीटर. मे महिन्यातल्या नागपुरी उन्हात साठीच्या बाई हे अंतर चालतील, की दाराशी दुचाकी काढायला लावतील? मग चौपट बांधकामाबरोबर वाहनंही वाढली, नाही का?

केंद्र सरकारचं याच विषयावरचं राष्ट्रीय धोरणही २०१७ चंच. त्यात प्रभावक्षेत्र स्टेशनभोवती मोजलं आहे: साधारण ५०० ते ८०० मीटर, म्हणजे १०-१२ मिनिटांची पायपीट. पुण्यातही वर्तुळाचा केंद्रबिंदू स्टेशनच आहे. तेव्हा हा प्रश्न आम्ही हवेतून काढलेला नाही.

वैशेषिकांनी चोवीस गुणांत परत्व आणि अपरत्व, म्हणजे दूरपण आणि जवळपण, यांची गणना केली. पण ते पाहणाऱ्याच्या अपेक्षाबुद्धीशिवाय उपजत नाहीत, असंही सांगितलं. कशाच्या, कोणाच्या अपेक्षेने जवळ, हे ठरल्याशिवाय 'जवळ' या शब्दाला अर्थ नाही. आपल्या नियमाने रुळाच्या अपेक्षेने जवळपण मोजलं आणि चालणाऱ्याला सोडून दिलं. रस्ता किती मीटर रुंद हे तो विचारतो. त्या रुंदीतलं चालणाऱ्याच्या वाट्याला किती आलं, हे त्या आकड्यावरून कळत नाही. वर्तुळ काढलं म्हणजे सगळं झालं, असंही नाही. मध्ये नाला, भिंत किंवा ओलांडता न येणारा महामार्ग असेल तर वर्तुळही खोटंच बोलतं. खरं माप एकच: दारापासून स्टेशनच्या जिन्यापर्यंत, सावलीतून, न थांबता, किती मिनिटं?

याचा आपल्याशी संबंध काय? २०२२ च्या डिसेंबरात केंद्राने नागपूर मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याला मंजुरी दिली. त्यातली एक मार्गिका प्रजापती नगरहून भंडाऱ्याच्या दिशेने कापसीपर्यंत येणार आहे. आपल्या गावांतून दवाखान्याला, कॉलेजला, कामाला नागपूरला जाणारी माणसं उद्या तिथेच गाडी बदलतील. अशा ठिकाणी आधी इमले उभे राहिले आणि पायवाट मागून आली, तर त्याची किंमत बिल्डर मोजणार नाही. पिशवी घेऊन उतरणारा माणूस मोजेल.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार विकास नियमांत फेरबदल करताना लोकांकडून हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात. मुदत थोडी असते आणि सूचना वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात छापून येते. ती वाचा. नकाशा घेऊन एकदा स्वतः चालून पहा, घड्याळ लावा, आणि जेवढी मिनिटं लागली तेवढी हरकतीत लिहा. 'आम्हांला चालायला त्रास होतो' हे गाऱ्हाणं फायलीत पडून राहतं. 'अमुक दारापासून स्टेशन एकवीस मिनिटं' याला मात्र उत्तर द्यावं लागतं.